बागेची आणेवारी

चहा कसा झाला आहे, असे सरांना विचारण्याची चूक त्यांच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूसच करीत असे. मीही केली. चहा त्यांच्या पत्नींनी, म्हणजे काकूंनी केला होता, आणि बोलायला काही विषय हवा म्हणून मी, "चहा छान झालाय, नाही?" असे पुटपुटले होते. सरांनी कप खाली ठेवला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "सात आणे छान. दोन आणे नाही. सात आणे अजून ठाऊक नाही."

आतून काकूंचा आवाज आला. लग्नाला छत्तीस वर्षे झाली तरी आपलेही तीन आणे यांना अजून ठाऊक व्हायचे आहेत, असे त्यांनी मला उद्देशून सांगितले.

"चार," सर प्रसन्नपणे म्हणाले आणि त्यांनी उरलेला चहा संपवला.

सर म्हणजे आमच्या उद्यानरचनेच्या संध्याकाळच्या वर्गाचे 'मूल्यमापन' या विषयाचे शिक्षक. मुळात ते पाटबंधारे खात्यातले अभियंता. निवृत्तीनंतर हा विषय त्यांनी स्वतःच निर्माण केला आणि स्वतःच शिकवायला घेतला. इतर शिक्षक आम्हांला बाग कशी आखावी ते शिकवीत. आखलेली बाग चांगली आहे की वाईट हे कसे ठरवावे, आणि मुख्य म्हणजे ठरवता येत नसेल तर काय करावे, हे सर शिकवीत. या शास्त्राला इंग्रजीत पुष्कळ लांब नाव आहे. सर त्याला आणेवारी म्हणत.

मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते. मुलींच्या एका शाळेत चौदा वर्षे संस्कृत शिकवले होते, आणि श्लोकांमधल्या उद्यानांत इतक्या वेळा हिंडले होते, की आपल्यालाही एखादे उद्यान रचता येईल असा एक लाजिरवाणा समज माझ्या मनात मूळ धरून बसला होता. वर्गाच्या पहिल्याच महिन्यात मी एका चिकूच्या झाडापुढे बकुळ समजून भक्तिभावाने उभी राहिले, यावरून माझ्या तयारीची कल्पना यावी. शाळेने मला एका वर्षाची बिनपगारी रजा दिली होती. पंधरा जूनला शाळा उघडेल त्या दिवशी एकतर हजर व्हायचे, नाहीतर राजीनामा द्यायचा, असे मुख्याध्यापिकाबाईंनी स्वच्छ सांगितले होते. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी होती आणि त्याआधी भिक्षुकी. स्वतः होऊन सोडलेली नोकरी आमच्याकडे कोणी पाहिलेली नव्हती. वर्षअखेरीस आपली एखादी आखणी कोणीतरी, कुठेतरी पसंत केली, तरच राजीनामा द्यायचा, नाहीतर मुकाट्याने पुन्हा शब्दरूपांकडे वळायचे, असा निश्चय मी करून टाकला होता. म्हणजे निवड दुसऱ्या कोणीतरी करावी आणि मी ती मान्य करावी, अशी ती व्यवस्था होती.

ती वर्षे कोरडी होती. लागोपाठ दोन पावसाळे नुसते ढग दाखवून गेले होते. शहर मात्र चारी अंगांनी वाढत होते. बीड बायपासच्या पलीकडे काल शेत होते तिथे आज कमान उभी राही आणि कमानीवर 'पार्क' किंवा 'गार्डन' असे नाव असे. झाड बहुधा त्या कमानीवर रंगवलेले तेवढेच. नळाला पाणी कोणत्या दिवशी येईल याचा अंदाज बांधणे हा घरोघरचा उद्योग होता. या शहरात बागेची परीक्षा घेणारा माणूस लोकांना विक्षिप्त वाटला तर त्यात लोकांची चूक नव्हती.

सरांचा पहिला नियम असा, की बाग बघायची ती मे महिन्यात, दुपारी दोन वाजता. हिवाळ्यात सकाळी बाग बघून मत देणे म्हणजे लग्नाच्या फोटोवरून संसाराची परीक्षा करण्यासारखे आहे, असे ते म्हणत. आम्ही अकरा विद्यार्थी डोक्याला उपरणी, ओढण्या गुंडाळून त्यांच्यामागे हिंडत असू. सर प्रत्येक बाकावर बसत. दगडी बाकावरून ते किती लवकर उठतात ते आम्ही घड्याळ लावून मोजायचे आणि वहीत टिपायचे. एका नामांकित बागेतल्या चकचकीत ग्रॅनाइटच्या बाकावर ते टेकलेच नाहीत. टेकल्यासारखे करून सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "शून्य लिहा." झोपलेली कुत्री ते आवर्जून मोजत. सावलीच्या बाबतीत कुत्र्याला भीड नसते, म्हणून महापालिकेने परीक्षक-मंडळावर एक कुत्रे घ्यावे, अशी लेखी सूचना त्यांनी एकदा खरोखरच केली होती. तिला उत्तर आले नाही. सरांनी त्या सूचनेची स्थळप्रत जपून ठेवली होती.

दौलताबादलाही त्यांनी आम्हांला नेले. किल्ला चढायला नव्हे. पायथ्याच्या मोठ्या कोरड्या हौदाच्या काठावर दीड तास बसवून, यात पाणी कुठून येत असेल असे विचारायला. बाकीचे पर्यटक आमच्याकडे पाहत होते आणि आम्ही हौदाकडे.

आणेवारीची हकीकत त्यांनी तिथेच सांगितली. त्यांचे वडील निजामाच्या काळात वैजापूरकडे गिरदावर होते. पीक उभे असताना बांधावरून नजर टाकायची आणि ते किती आणे आहे ते तक्त्यात भरायचे, हे त्यांचे काम. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आणि ठरावीक आण्यांच्या खाली गेले तर गावाला साऱ्याची सूट. एका वर्षी एका गावचे पीक त्यांनी नऊ आणे लिहिले. ज्वारी उंच होती, हिरवी होती. पुढे कणसात दाणाच भरला नाही. सूट मिळाली नाही, कारण तक्ता वर गेला होता आणि वर गेलेला तक्ता खाली येत नसे.

"वडील वाईट नव्हते," सर म्हणाले. "बांधावर उभं असतानाच त्यांना कळलं होतं की यातलं चार आणे आपल्याला बिलकुल ठाऊक नाही. पण 'ठाऊक नाही' लिहायला तक्त्यात रकाना नव्हता. म्हणून ते चार आणे त्यांनी 'आहे'मध्ये लिहून टाकले."

त्यानंतरचे सरांचे सगळे आयुष्य तो तिसरा रकाना आखण्यात गेले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. परदेशातल्या काही गणितज्ञांनीही नेमका असाच तिसरा रकाना मांडून त्यावर मोठाले प्रबंध लिहिले आहेत, हे त्यांना पन्नाशीत कळले. तेव्हा त्यांना आनंद होण्याऐवजी किंचित राग आला होता. आमच्या वडिलांची चूक यांना कोणी सांगितली, असे ते म्हणाले होते म्हणे.

वर्गात या रकान्यांच्या वाट्या झाल्या. प्रत्येकाला सोळा चिंचोके मिळत. समोर तीन वाट्या असत: होय, नाही, ठाऊक नाही. भिंतीवर लावलेली आखणी पाहायची आणि सोळाही चिंचोके तिन्हींत वाटून टाकायचे. ज्याची तिसरी वाटी रिकामी राही त्याला सर त्या जागी एक उन्हाळा काढून यायला सांगत. माझी अडचण उलटी होती. माझे चौदा-पंधरा चिंचोके नेहमीच तिसऱ्या वाटीत जात आणि त्याबद्दल मला मनातून थोडे बरेही वाटे. इतर लोक मते फेकतात, आपण नम्र आहोत, असे काहीतरी. दिवाळीनंतर सरांनी मला वर्ग सुटल्यावर थांबवले.

"बाई, तिसरी वाटी ही लपायची जागा नव्हे," ते म्हणाले. "तुम्हांला जे ठाऊक आहे तेही तुम्ही त्यात टाकता. ही नम्रता नाही. ही चोरी आहे."

मी रिक्षात बसेपर्यंत रडू आवरले. दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्या वाटीत नऊ टाकले.

मार्च महिन्यात मुकुंदवाडीच्या रेल्वे स्टेशनापलीकडच्या एका नव्या वसाहतीतले गृहस्थ सरांकडे आले. त्यांना सगळे नाना म्हणत. निवृत्त नायब तहसीलदार, आणि वसाहतीचे अध्यक्ष. वसाहतीत अर्ध्या एकराहून कमी अशी एक मोकळी जागा बागेसाठी राखलेली होती. 'नियोजित उद्यान' अशी पाटी तिथे होती, पण तिच्या खांबाला शेळ्या अंग घाशीत असल्यामुळे नियोजन एका बाजूला कलले होते. दोन व्यावसायिकांकडून आखण्या यायच्या होत्या, त्यांतली चांगली कोणती ते सरांनी ठरवून द्यावे, अशी नानांची इच्छा होती. ठरवतील ते रहिवासी, आपण फक्त वाट्या पुरवू, असे सरांनी सांगितले. शिवाय, तिसरी एक आखणी आपल्या विद्यार्थिनीची येईल, आखण्यांवर नावे नसतील, नुसते क्रमांक असतील, आणि आपले स्वतःचे चिंचोके कोणी मोजणीत धरू नयेत, हेही त्यांनी तिथेच सांगून टाकले. ती विद्यार्थिनी मी आहे हे मला नाना गेल्यावर कळले.

आखणी करायची तर जमिनीचा उतार मोजायला हवा. त्यासाठी गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरायची. एक टोक इथे धरायचे, दुसरे तिथे, दोन्हींकडे पाणी एकाच उंचीवर थांबते, त्यावरून जमीन कुठे उंच आणि कुठे सखल ते कळते. मात्र दुष्काळात पिण्याचे पाणी मोजमापाला वापरायचे नाही, हा सरांचा कडक दंडक होता. तेव्हा काकूंच्या धुण्याचे शेवटचे पाणी बाटलीत भरून आम्ही नेले. त्यात थोडी नीळ असल्यामुळे ते नळीत ठळक दिसत होते आणि सरांना या काटकसरीचा फार अभिमान वाटला. नळीचे दुसरे टोक धरायला काकूच आल्या. आपल्या धुण्याला इतका मान आजवर मिळाला नव्हता, असे त्या भर उन्हात डोक्यावर पदर घेऊन म्हणाल्या. तीन दुपारी मी त्या जमिनीवर खुंट्या ठोकल्या आणि आकडे लिहिले. चारी बाजूंनी जमीन मध्याकडे उतरत होती. इतके सुंदर काही माझ्या वाट्याला कधी आले नव्हते.

मग मी मधोमध एक उथळ, गवताळ खळगा आखला. पावसाळ्यात सगळ्या मैदानाचे पाणी तिथे जमेल, सावकाश मुरेल, आणि त्या ओलीवर भोवतालचे कडुनिंब, करंज आणि बहावा वाढतील. हिरवळ नाही. मारवेल गवत, जे उन्हाळ्यात पिवळे पडेल. तसे मी टिपणात प्रामाणिकपणे लिहिलेही. टिपणाची भाषा मी चार वेळा घासली. क्रमांक दोनचे, म्हणजे माझे, टिपण मंगलाष्टकासारखे वाटते, असा अभिप्राय नानांनी ते वाचून दिल्याचे पुढे कानावर आले.

मूल्यमापन मेच्या शेवटच्या रविवारी, दुपारी दोन वाजता, त्याच मैदानावर ठेवले होते. नानांनी सायंकाळी सहाची सूचना केली. सरांनी ती ऐकून घेतली आणि दोनचीच वेळ कळवली. चाळीसेक माणसे आली. निम्मी, हा माणूस खरोखरच दोन वाजता येतो का, ते बघायला. मांडवाच्या कनातीला तीन आखण्या टाचल्या होत्या. पहिलीत मखमली हिरवळ, रंगीत दिव्यांचे कारंजे आणि सिमेंटची दोन हरणे होती. दुसरी माझी. तिसरीत सगळीकडे फरशी आणि व्यायामाची यंत्रे होती. नऊ वाट्या तीन घरांतून जमवल्यामुळे लहानमोठ्या होत्या, आणि मोठ्या वाटीत चिंचोके कमी दिसतात अशी तक्रार सुरुवातीलाच निघाली. सरांनी ती रास्त ठरवून नोंदवून घेतली. प्रत्येक आखणीसाठी प्रत्येकाला नवे सोळा चिंचोके द्यायचे असल्यामुळे गोणीच आणलेली होती.

रहिवाशांची सगळ्यांत मोठी पंचाईत तिसऱ्या वाटीने केली. चारचौघांत 'ठाऊक नाही'मध्ये चिंचोका टाकायला माणसे अशी लाजत होती की जणू तिथे आपली गुणपत्रिकाच टांगली जाणार आहे. हात तिसऱ्या वाटीवर जाई, शेजाऱ्याकडे नजर जाई, आणि चिंचोका 'होय'मध्ये पडे. नानांनी तर सोळाच्या सोळा पहिल्या आखणीच्या 'होय'मध्ये ओतले.

"साहेब, एखादा तरी तिसरीत?" सरांनी विचारले.

"ठाऊक नाही असं लिहून मी उभ्या नोकरीत एक कागद वर पाठवला नाही," नाना म्हणाले.

"माझ्या वडिलांनीही नाही," सर म्हणाले, आणि त्यांनी नानांपुढे वाटी अजून थोडी सरकवली.

मी मांडवाच्या खांबाआड उभी राहून माझ्या 'होय'च्या वाटीकडे पाहत होते. ती अगदी रिकामी नव्हती. सरांनी नमुना म्हणून स्वतःचे पाच चिंचोके तिच्यात टाकले, अकरा तिसरीत. अकरा पाहून मला वाईट वाटले. तरीही, लोकांचे काही थोडे इकडे वळले तर, असा हिशेब मनात चालू होता. पंधरा जूनला सतरा-अठरा दिवस उरले होते.

तेवढ्यात कौसल्याबाई पुढे आल्या. ही वसाहत जिच्यावर उभी आहे ती जमीन त्यांच्या सासरची. कोपऱ्यावरचे घरही त्यांचेच. सोळा चिंचोके मुठीत धरून त्या बराच वेळ माझ्या आखणीसमोर उभ्या होत्या. मग मांडवाबाहेर जाऊन मैदानाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि परत आल्या.

"ह्यो मधला खड्डा," त्यांनी विचारले, "ह्यात पानी कुठनं येनार?"

आखणी निनावी होती, आणि मी गप्प राहिले असते तर ती निनावीच राहिली असती. "चारी बाजूंनी उतार आहे," खांबाआडून मी म्हणाले. चाळीस माणसांनी वळून पाहिले.

"नाय ताई, उतार तिकडं हाय," त्यांनी ईशान्येच्या कोपऱ्याकडे, कुंपणाच्या भिंतीकडे बोट केले. "लई पाऊस झाला की समदं पानी त्या कोपऱ्यात. आमच्या सासऱ्यानं तिथं कधी ज्वारी पेरली नाय. मूठभर साळ लावायचा. इथं मधी तर पाय बी भिजायचा नाय."

मी वही उघडली. तीन दुपारचे आकडे होते. मी ते दाखवायला गेले, पण सर वहीकडे पाहत नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत होते.

"बाई, नळीत फेस होता?"

"थोडासा," मी म्हणाले.

साबणाच्या पाण्याचा फेस नळीत बुडबुडे धरून बसतो. मध्ये हवा अडकली की दोन्ही टोकांचे पाणी एका उंचीवर येत नाही. बोट-दोन बोटांचा फरक राहतो, आणि खुंटीमागून खुंटी मोजताना तो वाढत जातो. पहिल्या वर्षाच्या गवंड्यालाही हे ठाऊक असते. आम्हां दोघांना, म्हणजे एका संस्कृतच्या बाईला आणि पाटबंधाऱ्यांत हयात घालवलेल्या अभियंत्याला, दुष्काळ आणि नीळ यांच्या कौतुकात ते सुचले नव्हते.

कौसल्याबाई घरी गेल्या आणि कळशीभर स्वच्छ पाणी घेऊन आल्या. नळ येऊन पाच दिवस झाले होते. सरांनी एकदा नको म्हटले. "घ्या, घ्या. खोटं मोजन्यापेक्षा बरं," त्या म्हणाल्या. नळी धुऊन भरली. एक टोक मी धरले, दुसरे काकूंनी. सहा खुंट्यांत निकाल लागला. सगळे मैदान ईशान्येकडे झुकलेले होते आणि माझा खळगा जन्मभर कोरडा राहणार होता.

मला त्या क्षणी फक्त चालता येईल इतक्या वेगाने स्टेशनाकडे जायचे होते. पण सर मांडवाच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले. या चुकीची जबाबदारी आपल्या काटकसरीची आहे, बाईंची नाही, हे त्यांनी खणखणीत आवाजात सांगितले. मग 'होय'मधले आपले पाच चिंचोके उचलून 'नाही'त टाकले, आणि तिसऱ्या वाटीतले अकराही त्यांच्या पाठोपाठ. आपल्या हाताने शिष्येची आखणी बुडवताना एवढा आनंदी झालेला गुरू मी दुसरा पाहिला नाही.

"आता हे ठाऊक झालं," ते मला हळूच म्हणाले. "अकरा चिंचोके एका दुपारीत. माझ्या बापाला एक नाही मिळाला."

पहिली आखणी निवडून आली. नानांनी तसे नोंदवहीत लिहिले. लिहून होईपर्यंत सरांनी रहिवाशांना एकच प्रश्न विचारला: यात आपण चुकलो, तर परत येता येईल का? कारंज्याला पाणी नसेल तर कारंज्याचे काय करता येईल, यावर थोडा वेळ चर्चा झाली. त्यात वाळवण घालता येईल असे काकूंनी सुचवले. तरी कारंजे कायम राहिले. लोकांना ते हवे होते, आणि इतक्या कोरड्या वर्षात लोकांना कारंजे हवेसे वाटले म्हणून त्यांना हसणे बरोबर नाही, असे मला तेव्हाही वाटले होते. अडचण निघाली ती हरणांची. ती नेमकी ईशान्येच्या कोपऱ्यात होती.

"हरनं चिखलात उभी ऱ्हातील," कौसल्याबाई म्हणाल्या.

हरणे हलवावी लागणार हे उघड झाले. मग त्या कोपऱ्याचे काय करायचे, असे कोणीतरी विचारले. "ताईंस्नी द्या की," कौसल्याबाईंनीच सांगितले, जसे काही जमीन अजून त्यांच्या सासऱ्याचीच होती. नानांना हे नियमात बसेना. निकालानंतर आखणीत बदल कसा करायचा? सरांनी उत्साहाने पुन्हा तीन वाट्या मांडल्या. या खेपेला मात्र लोक लाजले नाहीत. समोरच एका अभियंत्याने भर सभेत आपली चूक सांगितल्यामुळे असेल, तिसरी वाटी काठोकाठ भरली. नानांनी इकडेतिकडे पाहून तिच्यात दोन चिंचोके टाकले.

"बहुमत 'ठाऊक नाही'ला आहे," सरांनी जाहीर केले. "म्हणजे करून बघायला हरकत कुणाचीच नाही."

अशा रीतीने मला जेमतेम दोन गुंठ्यांचा एक कोपरा मिळाला. पसंती मिळाली नव्हतीच. माझी आखणी रीतसर नापास झाली होती. आणि माझा निश्चय तर पसंती मिळाली तरच राजीनामा, असा होता. चार दिवस मी घरात येरझारा घातल्या आणि पाचव्या दिवशी सरांकडे गेले. काय करू, असे विचारले.

"राजीनामा दिलात आणि चुकलं, तर परत येता येईल?"

नाही, मी म्हणाले. जागा भरली जाईल.

"आणि शाळेत परत गेलात, ते चुकलं, तर?"

तरीही नाही. चाळिशीत दुसऱ्यांदा वर्षाची रजा कोण देणार?

"म्हणजे दार दोन्हीकडून बंद," सर म्हणाले. "बरं झालं. निदान दाराचा प्रश्न मिटला. आता जेवढं ठाऊक आहे तेवढंच बघा, बाई. कमी नाही, जास्त नाही."

पुढे काय करा ते त्यांनी सांगितले नाही. काकूंनी मध्येच, सांगून टाका की बिचारीला, असा आग्रह केला तेव्हा ते गच्चीवर टाकी बघायला निघून गेले. मी घरी येताना मोजले. कोपऱ्यात पाणी जमते, हे ठाऊक होते. नळी कशाने भरू नये, हे ठाऊक होते. चाळीस माणसांसमोर मी खांबाआडून एक वाक्य बोलले होते. ते साफ चुकीचे निघाले होते, आणि तरी दुसऱ्या दिवशी मला उठून दात घासता आले होते. चौदा वर्षांत वर्गाबाहेर मी एकही चुकीचे वाक्य बोलले नव्हते, कारण बोललेच नव्हते.

पंधरा जूनला मी शाळेत गेले आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर अर्ज ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. त्या चांगल्या बाई होत्या आणि त्यांना खरोखर काळजी वाटली.

"सोडून करणार काय तुम्ही?"

"मुकुंदवाडीला एक कोपरा आहे," मी म्हणाले. "तिथे पाणी थांबतं का ते बघणार आहे."

"आणि नाही थांबलं तर?"

"तर कुठे जातं ते बघेन."

त्यांनी अर्ज ठेवून घेतला. मी तिथून थेट सरांकडे गेले आणि हे संभाषण शब्दशः सांगितले. मला, खरे सांगायचे तर, शाबासकी हवी होती. सरांनी ते लक्षपूर्वक ऐकले.

"उत्तर चांगलं आहे," ते म्हणाले. "पाठ करून गेला होतात?"

"हो."

"किती दिवस?"

"तीन," मी म्हणाले.

सर इतके हसले की काकू हातातले काम टाकून बाहेर आल्या. आणि त्यांना काय झाले ते सांगता सांगता मलाही हसू आवरेना.